डॉक्टर मॅडम, तुम्ही स्पष्ट बोललात म्हणून हे पत्र

डॉक्टर मॅडम, नमस्कार.

आमचा कुत्रा भुऱ्या गेला त्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर नुसता हात जोडलेला इमोजी पाठवला, त्याहून जास्त काही टाइपच होत नव्हतं. आता डोकं जरा ठिकाणावर आलंय तर नीट लिहिते, आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते, कारण घरात म्हातारं कुत्रं असलेले ओळखीत भरपूर आहेत आणि त्यातल्या बऱ्याच जणांना तुमच्यासारखं बोलणारं कोणी भेटत नाही.

भुऱ्या आमचा गावठीच. २०१० च्या पावसाळ्यात बिल्डिंगच्या मीटरबॉक्सखाली कुडकुडत बसलेला, तो तिसऱ्या मजल्यावर आला तो आमचाच झाला. पंधरा वर्षांत कधी मोठं आजारपण नाही, त्यामुळे पाणी खूप प्यायला लागला, घरात शू व्हायला लागली तेव्हा जो तो म्हणाला, वय झालं आता. तुमच्या आधी जिथे दाखवत होतो तिथे रोज ड्रिप लावायचे, रोज बिल करायचे आणि "बघू अजून दोन दिवस" म्हणायचे. काय बघायचंय ते मात्र कोणी सांगायचं नाही.

तुम्ही रिपोर्ट बघितलात, त्याचं तोंड उघडून वास घेतलात, हिरड्या बघितल्यात, मानेमागची कातडी चिमटीत धरून सोडलीत आणि ती पटकन जागेवर जात नाहीये, म्हणजे अंगातलं पाणी कमी झालंय, हे मला दाखवलंत. मग म्हणालात, क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने रक्तातून बाहेर टाकायचा कचरा, ६ च्या वर आहे, ते १.४ च्या आत असायला हवं, आणि किडनीचं साधारण ७५ टक्के काम गेल्याशिवाय हा आकडा चढत नाही, म्हणजे हे आजचं दुखणं नाही आणि हे बरं होणारं पण नाही, त्रास कमी ठेवता येईल तेवढा ठेवू. ऐकून पोटात गोळा आला, पण खरं सांगू, बरं पण वाटलं, महिनाभर धुक्यात चालल्यासारखं झालं होतं ते एकदाचं संपलं.

सलाईन घरी द्यायला शिकवलंत हे तर किती मोठं काम केलंत. आरएलची, म्हणजे रिंगर लॅक्टेट सलाईनची, बाटली खिडकीच्या ग्रिलला टांगायची, आधी हाताला लावून कोमट आहे ना बघायचं, खांद्यावरची कातडी तंबूसारखी उचलायची आणि सुई त्याच्या आत सरकवायची, शिरेत नाही, फक्त कातडीखाली. पाणी आत गेलं की तिथे टेंगूळ यायचं आणि ते हळूहळू घसरत पुढच्या पायावर उतरायचं, पहिल्यांदा बघून माझे बाबा केवढे घाबरले होते! तुम्ही आधीच सांगून ठेवलं होतंत की काही तासांत ते जिरतं, म्हणून मी तरी शांत होते. त्या सलाईनवर भुऱ्याला चांगले दिवस मिळाले, उलट्या थांबल्या, खाली पानवाल्यापर्यंत जाऊन यायचा, आणि पाववाल्याची सायकल आली की भुंकायचा पण, आवाज बसलेला असला तरी.

आणि ते कालनिर्णय! तुम्ही म्हणालात रोज रात्री तारखेवर खूण करा, खाल्लं, उठला, शेपटी हलवली तर टिक, नाहीतर फुली, आणि फुल्या जास्त व्हायला लागल्या की मला फोन करा, "आज जरा बरा वाटतोय" असं म्हणून थांबू नका. आमच्याकडे संकष्टी आणि दूधवाल्याचे खाडे लिहितात त्याच पानावर भुऱ्याच्या खुणा. फुल्या वाढताना सगळ्यांना दिसत होत्या, त्यामुळे घरात भांडण असं झालंच नाही, फक्त त्याला इंजेक्शन देऊन कायमचं झोपवायचं म्हटल्यावर आई अडून बसली, म्हणाली, आपण कोण त्याचा जीव घेणारे, त्याचं जेव्हा यायचं तेव्हा येईल. तुम्ही माझ्याकडे न बघता आईच्या शेजारी लादीवर बसलात आणि म्हणालात, काकू, किडनी बंद पडली की आपोआप झोपेत जातो असं नेहमी होत नाही, मळमळ होत राहते, तोंडात फोड येतात, कधीकधी झटके येतात, तो ते सोसत बसेल, बोलणार नाही. आई बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली उद्या सकाळी या, रात्री नको.

सकाळी आलात तेव्हा घाई केली नाहीत. आधी सगळं सांगितलंत: पहिलं इंजेक्शन झोपेचं, दहा एक मिनिटांत गाढ झोपेल, मग पुढच्या पायात सुई, त्यातून भूल देणारंच औषध पण खूप जास्त, आधी शुद्ध जाते, मग श्वास, मग हृदय. डोळे उघडेच राहतील. नंतर एखादा श्वास घेतल्यासारखं होईल, पाय हलेल, शू होईल, तेव्हा तो जिवंत आहे असं समजून घाबरू नका. आणि खरंच तसंच झालं, शेवटचा तो श्वास आल्यावर आई दचकली पण लगेच स्वतःच म्हणाली, डॉक्टर बोलल्या होत्या ना. हे आधी कळलं नसतं तर तेवढंच एक तिच्या डोक्यात कायमचं राहिलं असतं.

तुम्ही फी नेहमीसारखी घेतलीत ते पण बरं केलंत, नाहीतर उपकाराच्या ओझ्याखाली हे पत्र लिहावं लागलं असतं. मालाडला महापालिकेची प्राण्यांसाठी दाहिनी २०२३ मध्ये सुरू झाली आणि तिथे पैसे घेत नाहीत हे आम्हाला माहीतच नव्हतं, आम्ही तर गावी कोणाच्या शेतात न्यावं का असा विचार करत होतो. तुमचं सर्टिफिकेट घेऊन गेलो, आईने त्याच्या अंगावर तिची जुनी कॉटनची साडी घातली होती, बाबा रिक्षात पूर्ण रस्ता त्याचं डोकं धरून बसले होते. रिक्षावाल्याने आधी मीटर टाकला, नंतर काय आहे ते कळल्यावर रेडिओ बंद केला.

आरएलच्या सीलबंद बाटल्या शिल्लक आहेत, एक्सपायरी अजून लांब आहे, नव्या सुयांचं पाकीट पण आहे. उलटीच्या गोळ्यांची अर्धी स्ट्रिप आहे ती चालेल का माहीत नाही, तुम्हीच बघा. शनिवारी संध्याकाळी क्लिनिकवर आणून ठेवते, कोणाला परवडत नसेल त्याला द्या. आईने तुमच्यासाठी लिंबाचं लोणचं काढून ठेवलंय, बरणी परत हवी आहे असं तिने मला दोनदा सांगितलंय.

भुऱ्याच्या घरचे सगळे