दाढ दाखवणाऱ्या डॉक्टरांना

डॉक्टर मॅडम,

सप्रेम नमस्कार.

पहिल्या भेटीत मी जाडजूड फाईल उघडून धरली, तर तुम्ही म्हणालात, "रिपोर्ट राहू द्या. एमआरआयची सीडी आणलीय का?" तीन वर्षांत ती कोणीच मागितली नव्हती. फाईलच्या मागच्या कप्प्यात निघाली, पाकिटावरचं लेकीचं नाव पुसट झालेलं.

तोवर आमच्याकडे 'सेरेब्रल पाल्सी', म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हालचालींत आलेला दोष, एवढाच शब्द होता. रिपोर्टात 'व्हर्मिस लहान' (व्हर्मिस म्हणजे लहान मेंदूचा मधला भाग) अशी एक ओळ होती, पण तिचा अर्थ विचारला की "वाढेल तसं बघू" असं उत्तर मिळायचं. तान्ही असताना ती पळून आल्यासारखी धापा टाकायची आणि मग श्वास थांबायचा, इतका वेळ की मी तिच्या छातीवर हात ठेवून बसायचे. अंगात ताठपणा असा नव्हताच, उचललं की लोळागोळा. आणि बाजूचं काही बघायचं झालं की डोळे वळवायच्या ऐवजी मान झटकायची. त्या झटक्याला घरात 'नखरा' म्हणत. नाव मीच पाडलं होतं.

तुम्ही पडद्यावर एकेक छेद सरकवत मेंदूच्या देठापाशी थांबलात आणि पडदा माझ्याकडे वळवून विचारलंत, "दाढ दिसतेय?" दिसली. एकदा दिसल्यावर न दिसणं अशक्य होतं. मधला मेंदू हा दाढेचा माथा. लहान मेंदूकडून येणारे दोन जाड, लांबट दोर ही तिची मुळं. त्या दोरांतले तंतू एकमेकांना ओलांडून पलीकडे जायला हवेत, ते गेलेलेच नाहीत, असं तुम्ही बोटांनी फुली करून दाखवलंत. जूबेर सिंड्रोम. मारी जूबेर यांनी १९६९ साली एकाच घरातल्या भावंडांत याचं वर्णन केलं होतं, म्हणजे हा आजार माझ्यापेक्षा वयाने मोठा. आणि मान झटकणं हे नुसते डोळे वळवता येत नसल्यामुळे. त्या रात्री तिच्याशी काय बोलावं ते मला सुचलं नाही.

दाढ दिसली तरी ती कोणत्या जनुकामुळे, ते चित्रावरून कळत नाही. अशी जनुकं चाळिसाच्या वर आहेत म्हणालात. मग आम्हा तिघांचं रक्त एक्झोम तपासणीला, म्हणजे जनुकांच्या तपासणीला, गेलं. उत्तर आलं तेव्हा सासूबाई सोबत होत्या. त्यांनी विचारलंच, "हे कोणाकडचं?" तुम्ही कागदावर दोन रेघा ओढल्यात: सीईपी२९० जनुकातला एक बदल वडिलांकडून, दुसरा आईकडून. एकेकटा बदल काही करत नाही, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या पत्ता लागत नाही. तो कागद सासूबाईंनी घडी घालून पर्समध्ये ठेवला. नंतर हा प्रश्न आमच्या घरात कोणी काढला नाही. पुढच्या प्रत्येक वेळी चारांत एक शक्यता, हेही सांगितलंत. आणि एकदा झालं म्हणून पुढची तीन सुटली, असा हिशेब नसतो, हे दोनदा सांगितलंत. दुसऱ्यांदा ह्यांच्याकडे बघून.

पण माझे आभार मुख्यतः पाण्यासाठी आहेत. पेशीवर केसासारखा एक अँटेना असतो, या जनुकामुळे तोच बिघडतो, आणि तो मेंदूत असतो तसा डोळ्याच्या पडद्यात आणि मूत्रपिंडातही असतो, असं सांगता सांगता तुम्ही सहज विचारलंत, "पाणी फार पिते का? रात्री उठून मागते?" मी कौतुकाने म्हटलं, "हो, पाणी छान पिते." तुम्ही न हसता लिहून घेतलंत. रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाच्या नेहमीच्या तपासणीतला आकडा, ठीक असलं तरी मूत्रपिंड लघवी घट्ट करू शकतंय का, ते आधी बघायला हवं, म्हणालात. करू शकत नव्हतं. आता मूत्रपिंडाचे डॉक्टर तिला नियमित बघतात. या आजारावर मुळापासून बरं करणारं औषध नाही, हेही तुम्ही आडपडदा न ठेवता सांगितलंत. मला राग आला होता, तुमचाच. आता नाही.

फाईलच्या पहिल्या पानावर तुम्ही लाल पेनाने लिहिलं होतं, भूल देताना श्वास मंदावणारी औषधं जपून. गेल्या महिन्यात डोळ्यांच्या तपासणीसाठी भूल द्यावी लागली. भूलतज्ज्ञांनी ते पान दोनदा वाचलं, औषध बदललं आणि तिला रात्रभर देखरेखीखाली ठेवलं. सकाळी तिने मान झटकून माझ्याकडे पाहिलं आणि पाणी मागितलं.

एक राहिलं. ती सीडी शिकणाऱ्या डॉक्टरांना दाखवली तर चालेल का, असं तुम्ही तेव्हा विचारलं होतंत आणि मी न बोलता उठून आले होते. चालेल. नाव झाकून खुशाल दाखवा. दाखवताना त्यांना आधी रिपोर्ट देऊ नका.

तुमची,
मानेच्या झटक्याला नखरा म्हणणारी आई