चौथं नोझल

ती. बाबा आणि प्रिय आई,
सा. न.

गाडी काल संध्याकाळी बाहेर काढली. बावीस दिवस डीलरच्या वर्कशॉपमध्ये उभी होती. परवा बाबा फोनवर म्हणाले, "सही कर, पैसे भर आणि गाडी काढ. हप्ते थांबत नाहीत." मी तुटक बोलून फोन ठेवला, त्याचं वाईट वाटतंय. सही का करत नव्हते हे सर्व्हिसच्या काउंटरसमोर चार माणसांत सांगता येत नव्हतं, म्हणून आता लिहिते.

आधी दुखणं काय होतं ते सांगते. सकाळी थंड इंजिन एका सेल्फमध्ये सुरू व्हायचं. पण तासभर चालवून गाडी बंद केली की परत सुरू होताना जीव काढायची, स्टार्टर घरघरत राहायचा. चढाला पिकअप तुटायचा आणि उभ्या गाडीत इंजिन मिसिंग करायचं. पहिल्या वेळी त्यांनी स्कॅनर लावला. पी००८७ कोड आला, म्हणजे रेलमध्ये (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरना, तुमच्या भाषेत नोझलांना, डिझेल देणाऱ्या सामाईक नळीत) प्रेशर कमी. त्यांनी कोड पुसला, सॉफ्टवेअर अपडेट केलं आणि गाडी दिली. दुसऱ्या वेळी डिझेल फिल्टर बदलला. तिसऱ्या वेळी मात्र एक कागदच पुढे ठेवला: डिझेलमधल्या भेसळीमुळे सहाही इंजेक्टर खराब, वॉरंटी लागू नाही, ग्राहकाला मान्य.

बाबा, मला पैशांपेक्षा ते 'ग्राहकाला मान्य' खटकलं. एकदा माझ्या सहीने भेसळ कबूल झाली की उद्या हाय प्रेशर पंप गेला तरी तोच कागद दाखवणार. आणि भेसळ आहे हे ठरवलं कशावरून? कोणी टाकीतलं डिझेल काढून पाहिलं नव्हतं, बदललेला फिल्टर उघडला नव्हता.

तुमच्या वेळी हे सोपं होतं. इंजिन चालू ठेवून एकेका नोझलच्या पाइपचं नट सैल करायचं. ज्या सिलिंडरला आवाजात फरक पडत नाही तो मेलेला. नोझल काढून हॅंड टेस्टरवर लावलं की ते कुर्र कुर्र बोलतं की नाही ते तुम्ही डोळे मिटून ऐकायचात. मी शेजारी उभी राहून त्यातून उडणारं डिझेलचं धुकं बघायची. ती नोझलं २०० बारच्या आसपास उघडायची. ही सामाईक नळीची पद्धत, कॉमन रेल, ट्रकवर १९९५ पासून आहे, पण तुमच्या हाताखालच्या गाड्या जुन्या पंपाच्या. या रेलमध्ये १६०० बार आणि त्याहून जास्त प्रेशर असतं. मोटारीच्या टायरमध्ये असते जेमतेम अडीच बार हवा, यावरून अंदाज करा. आतल्या भागांमधली फट दोन-चार मायक्रॉनची. म्हणून त्याला पाण्याचा थेंब आणि बारीक कचराही सोसत नाही. त्यांचा भेसळीचा संशय अगदीच हवेतला नव्हता, हे मीही मानते. पण संशय आला तर तपासायला हवं.

मी तीन गोष्टी लेखी मागितल्या आणि जॉब कार्डवर लिहून घेतल्या. वॉटर सेपरेटरमधून डिझेल पारदर्शक बाटलीत काढा. जुना फिल्टर माझ्यासमोर कापा. सहाही इंजेक्टरची रिटर्न टेस्ट घ्या, म्हणजे प्रत्येकातून किती डिझेल न फवारता परत जातं ते मोजा. सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर दोन दिवस टाळत राहिला. तिसऱ्या दिवशी मी सकाळी दार उघडायच्या आधीच जाऊन बसले.

बाटली रात्रभर ठेवली. पाणी जड असतं, असतं तर तळाशी बसलं असतं. तळ स्वच्छ होता. फिल्टरच्या कागदाला ना गंज ना शेवाळी चिकटा. मग एका वयस्कर मेकॅनिकने सहा इंजेक्टरच्या रिटर्नला सहा नळ्या लावून सहा बाटल्या टांगल्या आणि इंजिन आयडलिंगवर ठेवलं. पाच बाटल्यांत डिझेल बोट-दीड बोट चढलं, जवळपास सारखं. चौथी गळ्यापर्यंत भरली. कोणी काही बोललं नाही. त्या मेकॅनिकने खिशातून पेन काढून बाटलीवर चारचा आकडा लिहिला, एवढंच.

म्हणजे चौथ्याचा आतला व्हॉल्व्ह डिझेल धरून ठेवत नव्हता, रेलमधलं प्रेशर तिकडून परत टाकीत पळत होतं. गरम झालं की डिझेल पातळ होतं, गळती वाढते, म्हणून गरम इंजिनलाच त्रास. डिझेल वाईट असतं तर एकाच टाकीतलं पिणाऱ्या सहाही जणांना झळ लागली असती.

आई, इथे तुझी प्लॅस्टिकची पिशवी कामाला आली. "डिझेलची पावती टाकू नकोस" म्हणून तू मागे लागायचीस तेव्हा मी वैतागायची. प्रत्येक पावती आणि प्रत्येक फिल्टर बदलल्याची नोंद मी बाटल्यांच्या फोटोंसोबत जोडली आणि वॉरंटीचा क्लेम कंपनीकडे पाठवायला लावला. आठ दिवसांनी मंजूर झाला.

तरी शेवटी एक अडचण आलीच. नवा इंजेक्टर बसवला, नवा कॉपर वॉशर टाकला, पण आयडलिंग ओबडधोबड. प्रत्येक इंजेक्टरच्या डोक्यावर त्याचा स्वतःचा कोड असतो. डिझेल किती सोडतो यात जो बारीक फरक असतो तो त्या कोडवरून इंजिनच्या कॉम्प्युटरला कळतो. तो कोड स्कॅनरने भरायचाच राहिला होता. मी विचारल्यावर तोच वयस्कर मेकॅनिक धावत जाऊन स्कॅनर घेऊन आला. पाच मिनिटांत इंजिन शांत झालं. मी त्याच्या पाया पडायचीच बाकी होते.

काल गरम गाडी मुद्दाम तीनदा बंद करून सुरू केली. तिन्ही वेळा एका सेल्फमध्ये लागली. वॉरंटीत बदललेला जुना भाग कंपनी परत घेते, त्यामुळे तो तुम्हाला दाखवायला आणता येणार नाही. बाटल्यांचा फोटो पाकिटात घातलाय.

बाबा, पुढच्या आठवड्यात गाडी घेऊन येईन तेव्हा बॉनेटपाशी उभे राहून आवाज ऐका आणि काय वाटतं ते सांगा, तुमच्या कानावर माझा स्कॅनरपेक्षा जास्त भरवसा आहे. फक्त सवयीने पाना घेऊन पाइपच्या नटाला हात लावू नका. या प्रेशरची धार कातडी भेदून आत जाते, वर दिसतं फक्त सुई टोचल्यासारखं, आणि बोट वाचवायला लगेच ऑपरेशन करावं लागतं. आई, तेवढ्या वेळापुरता पाना तुझ्याकडे ठेव.

तुमची,
शुभा