नानांच्या हातची पाटी

प्रिय वसू,

दोन वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही, आणि आज लिहितेय ती त्या पांढऱ्या कॅमेलियाच्या झाडापायी. रागव हवं तर, पण आधी वाच. कोपऱ्यातला तो 'अल्बा प्लेना' वाणाचा नाही. तू म्हणत होतीस तेच खरं.

काल झाडाखाली पडलेलं एक जून फूल उचललं. पाकळ्या पार मागे वळलेल्या आणि मधोमध पिवळे पुंकेसर, चांगले आठ-दहा. एक तर पाकळीच्या कडेलाच चिकटलेला. 'अल्बा प्लेना'त पुंकेसर शेवटपर्यंत दिसत नाहीत, नुसती पाकळीवर पाकळी, कौलं रचल्यासारखी. हा रोज फॉर्म डबल, म्हणजे पुरता उमलला की मधले पुंकेसर दाखवणारा. अर्धा उमललेला असताना अगदी तसाच दिसतो, आणि आपण सगळे नेमके तेव्हाच बघायला जायचो. तू एकटी वाळत आलेली फुलं उलटीपालटी करायचीस. त्यावरून मी चार दिवस अबोला धरला होता. चुकलं गं माझं.

पण त्या पाटीवर नानांचं अक्षर आहे. खिळ्याने कोरलेलं, 'अल्बा प्लेना, १७९२'. चीनमधून हे वाण इंग्लंडला पोचलं ते साल, येईल त्याला सांगायचे. कोवळ्या फांदीवरची लव बोटाने चाचपून सासांक्वा ही कॅमेलियाची जात ओळखणारा माणूस इथे चुकेल? मला नाही पटत. रात्री पडल्या पडल्या ती मोठी छाटणी आठवली. तारा गंजून पाट्या गळल्या होत्या, आपण दोघींनी त्या टोपलीत गोळा केल्या आणि परत बांधल्या. फुलं नसताना, पानं बघून! आणि भिंतीकडचं बिनपाटीचं झाड 'हे कुठलं कोण जाणे' म्हणून उपटलं. तेच नानांचं असेल तर? तेव्हापासून डोळ्याला डोळा नाही.

शिवाय याची छाटकलमं आपण किती जणांना दिली. तेवढ्या बागांत आता खोटं नाव वाढतंय. एकेकाला कळवायला घेतलंय.

'एलेगन्स' वाणाच्या झाडाच्या त्या फांदीला यंदाही फिकट गुलाबी फुलं आली. 'सी. एम. विल्सन' हे वाण 'एलेगन्स'च्याच अशा फांदीतून निघालं, म्हणून तिला वेगळी पाटी हवी, हे तुझं म्हणणं मान्य. पण नाव मी आणखी दोन बहर बघूनच घालणार. 'डोंकेलारी'वर मात्र मी हटणार नाही. आंतरराष्ट्रीय नोंदवहीत त्याच वाणाचं नाव 'मासायोशी' आहे, पाटीवर तेच राहील. तू खुशाल 'डोंकेलारी' म्हणून हाका मार, झाड काही ओ देणार नाही!

माझे गुडघे आहेत तसेच. सूनबाईंचं बाळंतपण नीट पार पडलं ना? नातीचं नाव काय ठेवलंत? तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं का? सगळं सविस्तर कळव.

आणि नानांची ती निळी वही तुझ्याकडे आहे. शेवटच्या पानांवर त्यांनी बागेचा नकाशा काढला होता, प्रत्येक झाडाला आकडा घालून. भिंतीकडच्या झाडाचा आकडा कुठला आणि त्यासमोर काय लिहिलंय, तेवढं आजच बघ. तोवर नानांची पाटी मी काढलेली नाही. तिच्याखाली दुसरी बांधलीय, पेन्सिलीने लिहिलेली: 'नाव अनिश्चित'. तार सैल ठेवलीय, फांदीत रुतणार नाही.

तुझी,
कुंदा