काकूंच्या संकष्टीचा चंद्र

गुहागर,
आश्विन वद्य द्वितीया

प्रिय मंदार,

सप्रेम नमस्कार. तुझी मेल काल रात्री वाचली. काकू एडिंबराला येऊनही मुंबईच्या कॅलेंडरातली चंद्रोदयाची वेळ बघून संकष्टी सोडतात, आणि हे बरोबर की चूक ते तुला सांगता येत नाही, असं लिहिलं आहेस. चतुर्थी दोन दिवसांवर आली, म्हणून लगेच लिहायला बसलो. फोनवर दोन वाक्यांत सांगता आलं असतं, पण हा विषय माझ्या इतका जवळचा आहे की तो तुला नीट समजावा असं मनापासून वाटतं.

आधी काकूंचं. छापलेली चंद्रोदयाची वेळ एका गावापुरती असते. नागपूर मुंबईच्या पूर्वेला साधारण सव्वासहा अंश, म्हणून तिथे चंद्र पंचवीसेक मिनिटं आधी उगवतो. एका अंशाला 4 मिनिटं, हा सरळ हिशेब. तू आमच्यापासून 76 अंश पश्चिमेला आहेस. म्हणजे तुझ्याकडे पाचेक तास उशीर, पण तुझं घड्याळही तेवढंच मागे, म्हणून काकूंना वाटतं की वेळ तीच धरली तरी चालेल. रेखांशापुरतं ते जवळपास खरंही आहे. सगळा फरक पडतो तो अक्षांशाने. गुहागर साडेसतरा अंशांवर आणि एडिंबरा 56 अंशांवर.

चंद्र रोज ताऱ्यांमधून सुमारे 13 अंश पूर्वेला सरकतो, सूर्य 1 अंश. दोघांमधलं अंतर रोज 12 अंशांनी वाढतं. तेवढं वाढलं की एक तिथी संपते. पृथ्वीला तेवढं जास्तीचं फिरून चंद्राला पुन्हा क्षितिजावर आणायला सरासरी 50 मिनिटं लागतात. पण ही नुसती सरासरी. चंद्राची वाट पूर्व क्षितिजाशी कधी उभी असते, कधी तिरकी लवंडलेली. सध्याच्या दिवसांत पौर्णिमेच्या आसपास ती लवंडलेली असते. चंद्र पुढे जातो खरा, पण क्षितिजाच्या कडेकडेने उत्तरेला सरकतो, फारसा खाली जात नाही. त्यामुळे आमच्याकडे तो रोज चाळीसेक मिनिटंच उशिरा येतो, आणि तुझ्याकडे जेमतेम दहा-पंधरा. मार्च-एप्रिलात उलटं होतं. वाट उभी राहते, आमच्याकडे उशीर तासाच्या घरात जातो आणि तुझ्याकडे सव्वा तासाच्याही पुढे.

आता हे संकष्टीला लावून बघ. कोकणात वर्षभर चंद्रोदय साधारण आठ ते अकराच्या दरम्यान राहतो. तुझ्याकडे कोजागरीनंतरच्या संकष्टीला सूर्यास्तानंतर तासा-दीड तासात चंद्र वर आलेला असेल, आणि चैत्रातल्या संकष्टीला मध्यरात्र उलटून जाईल. काकू परवा विनाकारण नऊपर्यंत थांबतील आणि चैत्रात चंद्र उगवायच्या कितीतरी आधी जेवतील. शिवाय चंद्रोदयाच्या वेळी चतुर्थी असायला हवी हा नियम. तुझ्याकडे चंद्र पाच तासांनी मागाहून उगवतो, तोवर तिथी बदललेलीही असू शकते, म्हणजे एखाद्या महिन्यात संकष्टीचा दिवससुद्धा वेगळा येईल. तेव्हा एडिंबरासाठी गणित केलेलं पंचांग बघ, आजकाल गाव निवडलं की मिळतं. काकूंच्या श्रद्धेला यात कुठेच धक्का नाही. त्या चंद्राची वाट बघतात, तर तो त्यांच्या खिडकीतला चंद्र असावा, एवढंच माझं म्हणणं.

आणि मला खरं वाटतं ते असं, की एक महिना लक्ष ठेवलं तर कोष्टक फारसं लागतच नाही. आमच्याकडे चंद्र सड्याआडून, म्हणजे गावामागच्या खडकाळ पठाराआडून उगवतो आणि समुद्रात मावळतो. सड्यामुळे पंचांगातल्या वेळेनंतर पंधरा-वीस मिनिटांनी दिसतो, कारण पंचांगातलं क्षितिज सपाट असतं. मावळताना मात्र शेवटपर्यंत दिसतो. बीजेची कोर सूर्य बुडाल्यावर थोडा वेळ समुद्रावर टिकते. तेव्हा नीट बघितलंस तर कोरीच्या कुशीतला उरलेला चंद्रही राखाडी दिसतो. तो पृथ्वीवरून परतलेला उजेड. मग रोज मावळणं पाऊण-एक तासाने लांबत जातं. शुद्ध अष्टमीचा अर्धा चंद्र भरदुपारी उगवतो आणि मध्यरात्री मावळतो. पौर्णिमेचा संध्याकाळी उगवतो आणि पहाटे पाण्यात उतरतो. त्या पहाटे सुरूच्या बनातून पुळणीवर गेलं की समोर चंद्र आणि पाठीमागे फटफटणारं आभाळ, दोन्ही एकदम मिळतात. वद्य अष्टमीचा मध्यरात्री उगवतो आणि मुलं शाळेत जाताना फिकट होऊन डोक्याच्या पश्चिमेला लटकत असतो. जन्माष्टमीच्या रात्री कृष्णजन्माच्या सुमाराला चंद्र उगवतो तो याच हिशेबाने.

या वद्य अष्टमीच्या आसपास एक गंमत होते, ती मला फार आवडते. एका रात्री चंद्र साडेअकराला उगवला, तर पुढचा उदय पन्नास मिनिटांनी, म्हणजे बारा वाजून वीस मिनिटांनी. पण बारानंतर तारीख बदललेली! मधल्या एका तारखेला चंद्रोदयच होत नाही. कोष्टकात त्या चौकटीत नुसती रेघ असते. शुद्ध अष्टमीच्या आसपास मावळण्याच्या रकान्यात तसंच होतं. दर महिन्याला एकदा हे व्हायलाच हवं, कारण चंद्राचा दिवस 24 तास 50 मिनिटांचा आहे.

इथल्या माणसांना हे पुस्तकातून शिकावं लागलं नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, हा आडाखा तू लहानपणी ऐकला असशील. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, सहाच्या सुमारास भरती. द्वादशीला नऊ. पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास, तेव्हा उधाण. अर्धा तास इकडेतिकडे होतो, पण होडी काढायला तो पुरतो. उधाणाच्या दिवसांत सहाच्या ओहोटीला पाणी लांबवर आटतं, तेव्हा बायका कालवं काढायला खडकात उतरतात. अष्टमीचा भांग आला की पाणी ना धड वर येतं ना खाली जातं. पाऊणपट म्हणजे तिथीमागे 45 मिनिटं. चंद्राच्या रोजच्या उशिराचं हे माणसांनी तोंडी ठेवलेलं गणित आहे. मला याचं मोल कुठल्याही ॲपपेक्षा जास्त वाटतं.

परवाच्या कोजागरीला मध्यरात्री चंद्र जवळजवळ डोक्यावर होता, सावली पायाशी गोळा झालेली. पौर्णिमेला चंद्र सूर्याच्या समोर असतो, म्हणून उन्हाळ्यात सूर्य जिथून जातो तिथून हिवाळ्यातला पौर्णिमेचा चंद्र जातो. दत्तजयंतीचा चंद्र तुझ्याकडेही जूनच्या सूर्याइतका उंच चढेल. वटपौर्णिमेचा मात्र क्षितिजालगत, डिसेंबरच्या सूर्यासारखा खुरडत जाईल. वहिनींना आधीच सांगून ठेव. आणि भाऊबीजेला कोर शोधू नकोस. शरदात संध्याकाळची वाट तुझ्याकडे इतकी लवंडते की कोर सूर्याबरोबरच बुडते. भाऊ नसला की बायका चंद्राला ओवाळतात. तुमच्या ओळखीत तशी कुणी असेल तर तिने तृतीया-चतुर्थीपर्यंत थांबायला लागेल, कदाचित त्याहूनही जास्त. गुढीपाडव्यानंतरच्या बीजेला ती भरपाई होईल. तेव्हा कोर छान उंच दिसेल.

परवा आभाळ मोकळं असलं तर काकूंना पोर्टोबेलोच्या किनाऱ्यावर घेऊन जा. चंद्र त्या दिवशी नेहमीच्या पूर्वेला नाही, बराच ईशान्येला उगवेल आणि तिथे ईशान्येला पाणीच आहे. आम्हाला समुद्रात मावळणारा चंद्र मिळतो, काकूंना पाण्यातून उगवणारा मिळेल. गारठा असेल, त्यांना शाल आणि कानटोपी दे. मोदक डब्यात घेऊन गेलात तर तिथेच अर्घ्य देऊन उपास सोडता येईल.

चंद्र किती वाजता दिसला ते तुझ्या घड्याळाप्रमाणे लिहून कळव. मी इथली वेळ टिपून ठेवतो आणि पंचमीलाही टिपेन. तूही पंचमीला बघ, म्हणजे आमचा एका दिवसाचा उशीर आणि तुझा उशीर शेजारी ठेवून बघता येईल. काकूंना माझा साष्टांग नमस्कार, वहिनींना नमस्कार, चिमणीला गोड पापा.

तुझा,
विनय