१७ मे : रक्तदाब तपासणीला येण्यापूर्वी हे वाचा

सर्व सभासदांना नमस्कार,

जागतिक उच्च रक्तदाब दिनानिमित्त १७ मे रोजी सकाळी ८ ते ११ या वेळेत मंडळाच्या सभागृहात रक्तदाब तपासणी आहे. १८ वर्षांवरील सर्वांनी यावे. ‘मला कुठे काय होतंय’ म्हणणाऱ्यांनी तर आधी यावे, कारण वाढलेला रक्तदाब बहुधा काहीच जाणवू देत नाही.

येताना :
- अर्धा तास आधीपासून चहा, कॉफी, तंबाखू, सिगारेट आणि व्यायाम बंद.
- लघवीला जाऊन या. मूत्राशय भरलेले असले तरी आकडा वर जातो.
- रोजची गोळी चुकवू नका. ‘खरा आकडा कळू दे’ म्हणून ती टाळणे हा निव्वळ वेडेपणा आहे.
- सैल बाह्यांचे कपडे घाला. पट्टा उघड्या दंडावर बांधतात.

आधी ५ मिनिटे पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून शांत बसायचे आहे. तेव्हा आणि मोजताना गप्पा नकोत, फोनही नको (हे काहींना जड जाईल). रक्तदाब दोनदा मोजला जाईल.

आकडा १४०/९० किंवा जास्त आला तरी घाबरू नका. दुसऱ्या एखाद्या दिवशी पुन्हा मोजूनच डॉक्टर निदान करतात. घरी मोजणाऱ्यांसाठी ही मर्यादा १३५/८५ आहे. त्यांनी नोंदवही आणावी.

मात्र १८०/१२०च्या वर आकडा आणि सोबत छातीत दुखणे, धाप लागणे किंवा बोलणे अडखळणे असेल, तर १७ तारखेची वाट पाहू नका, तडक रुग्णालय गाठा.

नावे १४ मेपर्यंत चिटणिसांकडे द्यावीत.