चाळीस बिऱ्हाडांची नोंद

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

जागतिक रोमा दिनानिमित्त आपल्या रविवारच्या पुरवणीत रोमांवर, म्हणजे मूळच्या भारतातून युरोपात गेलेल्या आणि तिथे ‘जिप्सी’ म्हणवल्या गेलेल्या लोकांवर, प्रसिद्ध झालेला लेख काल वाचला. लेखकाने मनापासून लिहिले आहे याबद्दल शंका नाही. परंतु ‘या लोकांना लिखित इतिहास नाही, आहेत ती फक्त गाणी’ हे त्यातील विधान वाचून मी अस्वस्थ झालो, आणि चौतीस वर्षे शाळेत इतिहास शिकवलेल्या माणसाने त्यावर गप्प राहणे योग्य नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

लिखित इतिहास आहे आणि तो निदान १३८५ पासूनचा आहे. त्या वर्षी आजच्या रुमानियातील वालाकिया संस्थानाचा राजा पहिला दान याने तिस्माना मठाला दिलेल्या सनदेत इतर मालमत्तेबरोबर ‘अत्सिगान’ म्हणजे रोमा लोकांच्या ४० बिऱ्हाडांची नोंद आहे. तीनच वर्षांनी, १३८८ मध्ये, वालाकियाचाच राजा थोरला मिर्चा याने कोझिया मठाला ३०० बिऱ्हाडे दिली. दिली म्हणजे मालकीहक्काने दिली. त्यांच्या पोटी पुढे जन्मणारी मुलेसुद्धा मठाचीच. वालाकिया आणि मोल्दाविया या दोन संस्थानांत, म्हणजे आजच्या रुमानियाच्या मोठ्या भागात, रोमा हे राजाचे, मठांचे आणि बोयार म्हणवणाऱ्या जमीनदारांचे गुलाम होते, आणि ही गुलामगिरी १८५५-५६ पर्यंत, पाचशे वर्षांच्या आसपास चालली. माणसे विकली गेली, हुंड्यात दिली गेली, वारसांत वाटली गेली, आणि मालमत्तेचा कागद मालक जपून ठेवतो म्हणून या व्यवहारांचे कागद मठांच्या दप्तरांत शिल्लक राहिले.

आपल्याकडची जुनी इनामपत्रे ज्यांनी वाचली आहेत, त्यांना गाव इनाम देताना येणारी ‘जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप’ ही यादी ठाऊक असेल. वालाकियाच्या सनदांतही अशाच याद्या येतात, फक्त त्यांत गावे आणि पाणचक्क्या यांच्या पंक्तीला माणसांची बिऱ्हाडे बसवलेली असतात. रुमानियाच्या राष्ट्रीय इतिहासकारांनी हे कागद पिढ्यान्‌पिढ्या बारकाईने वाचले. राजांच्या वंशावळी, गावांचे पहिले उल्लेख, मठांची सनावळी हे सारे त्यांनी याच कागदांतून उभे केले. चाळीस बिऱ्हाडांपाशी येऊन मात्र नजर पुढे सरकत राहिली. १९३९ मध्ये जॉर्ज पोत्रा आणि १९९८ मध्ये व्हिओरेल आकिम यांच्यासारख्या अभ्यासकांनी त्यांच्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिले, हे खरे. परंतु राष्ट्राची म्हणून जी कथा मुलांना शिकवली जाते, तिच्यात ही माणसे दीर्घकाळ आली नाहीत.

हे मी केवळ पुस्तकी माहितीवर सांगत नाही. दोन वर्षांपूर्वी मुलीकडे बुखारेस्टला गेलो असताना तिने आम्हा उभयतांना एक जुना मठ दाखवायला नेले. त्याचे नाव लिहीत नाही. तिथल्या संग्रहालयात मठाला मिळालेल्या दानांचा मोठा तक्ता लावलेला होता, ज्यात गावे होती, द्राक्षमळे होते, घंटा होत्या, एका राणीने दिलेले भरजरी वस्त्रसुद्धा होते. माणसांचा उल्लेख कुठेच नव्हता. माहिती देणाऱ्या तरुण गाइडला मी मुलीकरवी विचारले, की या मठाकडे गुलाम किती होते. तो गोंधळला, आणि मग अत्यंत सभ्यपणे म्हणाला, ‘नाही, ते लोक भटके होते, ते इथे नव्हते.’ तो खोटे बोलत नव्हता. त्याला शाळेत तसेच शिकवले गेले होते, आणि ते शिकवणारा माझ्यासारखाच कोणी इतिहासाचा शिक्षक असणार, हा विचार माझ्या मनातून आजही जात नाही. परतीच्या वाटेवर मी गाडीत कोणाशी बोललो नाही.

अधिक दुःखाची गोष्ट अशी, की रुमानियाच्या राष्ट्रीय इतिहासलेखनाचा पाया घालणाऱ्यांपैकी एक, मिहाइल कोगल्निचानू, याने १८३७ मध्ये वयाच्या विसाव्या वर्षी बर्लिनमध्ये पुस्तिका प्रसिद्ध केली, ती याच लोकांच्या इतिहासावर, चालीरीतींवर आणि भाषेवर. पुढे मोल्दावियातील गुलामगिरी रद्द करण्याच्या चळवळीतही तो अग्रभागी होता. उतारवयात, १८९१ मध्ये, रुमानियाच्या अकादमीपुढे बोलताना त्याने आपल्या तरुणपणी मोल्दावियाची राजधानी याश हिच्या रस्त्यांवर पाहिलेल्या, हातापायांत बेड्या आणि गळ्यात लोखंडी कडी घातलेल्या माणसांचे वर्णन केले आहे. म्हणजे ज्याने इतिहास लिहायला शिकवले, त्याने या माणसांकडे बोटही दाखवले होते. मुक्ती दिली तेव्हा भरपाई मिळाली ती मालकांना, हेही लेखात यायला हवे होते. १९४२ मध्ये रुमानियाचा युद्धकाळातील हुकूमशहा आंतोनेस्कू याच्या राजवटीने सुमारे २५,००० रोमांना ट्रान्सनिस्ट्रियात, म्हणजे नीस्टर नदीपलीकडच्या, तेव्हा रुमानियाच्या ताब्यातील प्रदेशात, हद्दपार केले आणि त्यांतले सुमारे ११,००० तिथे भुकेने, थंडीने, टायफसने मेले. ही गोष्ट सरकारने नेमलेल्या, एली वीझेल यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाच्या अहवालात स्पष्टपणे नोंदली जायला २००४ साल उजाडावे लागले.

जर्मनीत तर रोमा आणि सिंती (रोमांचीच तिथे पूर्वापार राहणारी शाखा) यांचा अभ्यास झाला, पण तो रॉबर्ट रिटर आणि एवा यूस्टिन या वंशसंशोधकांनी नाझी राजवटीसाठी केला. त्यांनी डोक्यांची मापे घेतली, वंशावळी लिहून घेतल्या, आणि छळछावण्यांकडे कोणाला पाठवायचे हे त्या वंशावळींच्या आधारे ठरले. युद्धानंतरही ते कागद विद्वानांच्याच ताब्यात फिरत राहिले. अखेर १९८१ मध्ये सिंती कार्यकर्त्यांनी ट्युबिंगेन विद्यापीठाच्या अभिलेखागारात ठिय्या दिला, तेव्हा कुठे ते सरकारी अभिलेखागारात गेले.

आपल्या लेखात रोमांना ‘भारतमातेची हरवलेली लेकरे’ म्हटले आहे. नाते खरे आहे, आणि ते भाषेने सिद्ध झाले आहे. त्यांच्या बोलीत पाण्याला ‘पानी’, कानाला ‘कान’, माणसाला ‘मनुश’ म्हणतात, हे वाचून कोणाही मराठी माणसाला गहिवरून येईल. पण त्याच बोलीत सात, आठ, नऊ हे आकडे ग्रीक आहेत, घोड्याचा शब्द आर्मेनियन आहे. भारत सोडल्यानंतर ही माणसे कुठे राहिली आणि कोणात मिसळली, हे त्या शब्दांवरून कळते. आपली आस्था मात्र ‘पानी’पाशी थांबते. ते इथून गेले एवढे सांगून आपण लेख संपवतो आणि पुढची हजार वर्षे सोडून देतो. लेकरे म्हणायचे आणि त्यांची पाचशे वर्षांची गुलामी विचारायचीही नाही, हे मला पटत नाही.

जाता जाता आणखी एक. लेखासोबत घागरा फिरवत नाचणाऱ्या स्त्रीचे जे छायाचित्र छापले आहे, त्याखाली ना स्थळ आहे, ना साल, ना तिचे नाव. इतर कोणत्याही समाजावरील ऐतिहासिक लेखाला आपण असे चित्र लावले नसते.

गेल्या वर्षी मी पाठवलेल्या पत्रातील सर्व सनावळ्या जागेअभावी गाळण्यात आल्या होत्या. या वेळीही जागेची अडचण असेल तर जर्मनीचा परिच्छेद खुशाल काढावा. १३८५ हे वर्ष आणि ती ४० बिऱ्हाडे मात्र कृपया राहू द्यावीत.

आपला,
एक निवृत्त इतिहास-शिक्षक, सांगली