पेडल कसं मऊ आहे, ते आधी सांग

सोलापूर,
१२ मे

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू सहज म्हणालास, "ब्रेकचं पेडल मऊ लागतंय, पण दोनदा दाबलं की थांबते गाडी." तेव्हापासून माझं मन थाऱ्यावर नाही. फोनवर धड सांगता आलं नाही, म्हणून लिहायला बसलो. हे पत्र वाचून होईपर्यंत गाडी गेटच्या बाहेर काढू नकोस. हल्लीच्या गाड्यांत ब्रेकच्या तेलाची दोन वेगळी सर्किटं असतात, एक गेलं तरी दुसरं हाताशी राहतं. आपल्या ह्या जुन्या प्रीमियर पद्मिनींना चारही चाकांना मिळून एकच. कुठेही तेल सुटलं की चारही चाकांचे ड्रमब्रेक एकदम गेले. मग उरतो फक्त वायरवरचा हँडब्रेक.

मार्चमध्ये माझ्यावर हीच वेळ आली होती. तुला काळजी नको म्हणून तेव्हा बोललो नाही. आईला घेऊन तुळजापूरला गेलो होतो. दर्शन झालं, परत निघालो, आणि घाट उतरताना एका वळणावर पेडल निम्म्याहून खाली गेलं. पुन्हा दाबलं, थोडं वर आलं. दुसरा गिअर टाकला, हँडब्रेक हळूहळू ओढत गाडी कडेला घेतली. आई मागे प्रसादाची पिशवी मांडीवर धरून बसली होती. "पाणी प्यायला थांबलास का?" एवढंच म्हणाली. माझे हात मात्र पुढे अर्धा तास थरथरत होते.

मला वाटलं, तेल उकळलं असणार. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, हे तुला ठाऊक आहेच. डॉट ३ तेल ताजं असताना २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की १४० अंशांलाच वाफ धरू शकतं. तेल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते. म्हणून पाय खाली जातो. पण वाफ असेल तर गाडी थंड झाल्यावर पेडल पुन्हा जागेवर यायला हवं. दुसऱ्या दिवशी पहाटे, ड्रम गार असताना पाहिलं, तर पेडल तसंच. म्हणजे दुखणं दुसरं होतं.

इथेच आपण सगळे चुकतो. "मऊ" म्हणतो आणि मोकळे होतो. अरे, मऊपणाचे प्रकार असतात, आणि पायाला ते वेगवेगळे कळतात. पेडल बरंच खाली जातं, पण दोन-तीन पंप मारले की वर येतं आणि दगडासारखं कडक लागतं, तर बहुधा ड्रमला आतून दाबणारे शू ड्रमपासून लांब गेलेत. ते जवळ घ्यायचे. चाक हाताने फिरवत शू किंचित घासेपर्यंत आणायचा आणि मग जरासा सैल सोडायचा. पंप मारल्यावर वर येतं, पण स्पंजवर पाय ठेवल्यासारखं दबतं, तर लाइनमध्ये हवा आहे. आणि तिसरा प्रकार सगळ्यात वाईट: पाय एकसारखा दाबून धरला की पेडल हळूहळू, गुपचूप खाली सरकत जातं. तिथे तेल कुठूनतरी निसटतंय, बाहेर तरी किंवा पेडलच्या दाबाने तेल ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरच्या आतल्या आत तरी.

माझं पहिल्या दिवशी दुसऱ्या प्रकारचं होतं. इथल्या एका गॅरेजमध्ये नेलं. पोरगा म्हणाला, "साहेब, हवा हाय, काढली की झालं." त्याने हवा काढली. पण कशी? पेडल पार तळाला आपटत, पन्नासेक वेळा. दोन दिवस झकास. तिसऱ्या दिवशी सात रस्त्याच्या सिग्नलला पाय दाबून उभा होतो, आणि पायाखाली पेडल बसत चाललेलं कळलं. घरी येऊन चारही चाकांच्या आतल्या बाजू पाहिल्या. कोरड्या. चाकातले शू ढकलणाऱ्या व्हील सिलिंडरची रबरी टोपणं उचलून पाहिली, तीही कोरडी. ब्रेक ऑइलच्या टाकीतलं तेल तसूभर कमी नाही. म्हणजे तेल मास्टर सिलिंडरमध्येच, ते पुढे ढकलणाऱ्या रबरी कपच्या मागे जात होतं.

सिलिंडर खोलला. आतून काढ्यासारखं काळं पाणी निघालं. रबरी कप भिंगाखाली धरला, तर त्याच्या ओठाला नखाच्या कडेएवढी चीर. आणि नळीत बॅटरी मारली तेव्हा सगळं उलगडलं. रोजच्या वापरात कप जेवढा फिरतो, तेवढा भाग आरशासारखा. त्याच्या पुढे, जिथे तो कधीच पोचत नाही, तिथे गंजाचे बारीक खड्डे. त्या पोराने पेडल तळाला नेलं, तेव्हा कप त्या खड्ड्यांवरून फिरला आणि फाटला. म्हणून तुला हात जोडून सांगतो, जुन्या गाडीची हवा काढताना पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेव. पाय तळाला जाताच कामा नये.

नुसतं रबरी कपांचं किट बदलून भागणार नव्हतं, खड्ड्यांनी नवा कपही खाल्ला असता. मुंबईत टॅक्सी होत्या तोवर पद्मिनीच्या पार्टची चिंता नव्हती. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटच्या टॅक्सी बंद झाल्या आणि आता चांगला मास्टर सिलिंडर मिळवायचा म्हणजे ओळख काढावी लागते. शेवटी अक्कलकोट रोडला एमआयडीसीत एक लेथवाले काका सापडले. आपल्याला गाडी शिकवणाऱ्या अण्णांसारखेच गिरणीतले, उमेदवारीही तिथेच केलेली. त्यांनी सिलिंडर हातात घेतला, बोट आत फिरवलं आणि म्हणाले, "आतून पितळी नळी, स्लीव्ह बसवू, तुमच्या नातवापर्यंत जाईल." चार दिवस लावले, पण काय काम केलंय सुधीर! अंगठा आत घातला तर रेशमासारखं लागतं. गिरण्या गेल्या, पण तिथला हात अजून ह्या गावात आहे. मी पार्ट ब्रेक ऑइलनेच धुतले. पेट्रोल, रॉकेल, इंजिन ऑइल यांतलं काहीही त्या रबराला लागू द्यायचं नाही, फुगून वाया जातं.

तरी काम संपलं नाही. पेडल बसणं थांबलं, पण किंचित स्पंज राहिलाच. पुन्हा हवा काढली, बुडबुडा नाही. मग चाकांकडे तेल नेणाऱ्या रबरी नळ्या, म्हणजे होज, क्लॅम्पने एकेक चिमटून पाहिले. पुढचे दोन्ही चिमटले, फरक नाही. मागच्या दोन्ही चाकांना तेल नेणारा एकच होज असतो, तो चिमटला आणि पेडल कडक! (क्लॅम्प गुळगुळीत तोंडाचाच घे. पकड लावशील तर होज आतून चिरेल.) मागचे ड्रम उघडले. डाव्या बाजूला शूवरचं नवं लायनर, म्हणजे ड्रमला घासणारं अस्तर, फक्त मधोमध चकाकत होतं, दोन्ही टोकं कोरी करकरीत. लायनर बसवताना गॅरेजवाल्याने ड्रम लेथवर आतून घासून (टर्न करून) दिला होता, त्यामुळे त्याची गोलाई वाढली आणि लायनर जुन्या मापाचंच राहिलं. टोकं टेकायची तर आधी शूच वाकायचा, आणि तेच पायाला स्पंज लागत होतं. काकांनीच लायनर ड्रमच्या गोलाईला घासून दिलं. हे मला तीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. ड्रम उघडशील तेव्हा आतल्या धुळीवर फुंकर किंवा हवेचा पाइप मारू नकोस. जुन्या लायनरमध्ये फुफ्फुसांना घातक ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पूस आणि फडकं पिशवीत बांधून टाक.

आता पेडल दीड-दोन इंचांत कडक उभं राहतं. परवा आईला घेऊन पुन्हा तुळजापूर करून आलो. घाट उतरताना तिने डुलकी काढली.

आता तू एवढं कर. गाडी सपाट जागी, चाकांना दगड लावून उभी कर. आधी टाकीतलं तेल बघ, मग चारही चाकांची आतली बाजू. नंतर पेडल तीनदा पंप कर आणि वर येतं का, आलं तर कसं लागतं, ते लक्षात ठेव. मग पाय एक मिनिट घट्ट दाबून धर, घड्याळ बघून. जे होईल ते मला रात्री फोनवर शब्दशः सांग. मऊ आहे, एवढं नको सांगूस. दोष हवेचाच निघाला तर हवा काढायला डाव्या मागच्या चाकापासून सुरुवात करायची, कारण मास्टर सिलिंडरपासून तेच सगळ्यात लांब. मग उजवं मागचं, डावं पुढचं, शेवटी उजवं पुढचं. पण एकटा करू नकोस.

होम मैदानावर अण्णांच्या गाडीवर आपण दोघं शिकलो, तेव्हा तू क्लचऐवजी ब्रेक दाबायचास आणि अण्णा म्हणायचे, "दाब, दाब, ब्रेकवर विश्वास ठेव." तुझ्या गाडीवर तसा विश्वास बसेपर्यंत मला चैन पडणार नाही.

शनिवारी हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला येतोय. क्लॅम्प, पारदर्शक नळी आणि बाटली माझ्याकडे आहे, लाकडाचा ठोकळाही आणतो. ब्रेक ऑइलचा सीलबंद डबा तेवढा तू आणून ठेव, फोडलेला नको. वहिनींना सांग, शेंगाचटणी आणि कडक भाकरी घेऊन येतोय, स्वयंपाकाचा घाट घालू नका.

तुझाच,
विलास